ताळेबंदापासून परिणामापर्यंत : मराठवाड्यातील वित्त व्यावसायिकांसाठी एक वाट

परताव्याची अपेक्षा ठेवून, आणि त्याच वेळी समाजाचा किंवा पर्यावरणाचा मोजता येईल असा लाभ व्हावा या हेतूने केलेल्या गुंतवणुकीला जगभर ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’ म्हणतात. मराठीत तिला परिणाम-गुंतवणूक म्हणता येईल. ही संज्ञा २००७ साली रॉकफेलर फाउंडेशनने इटलीतील बेलाजिओ येथे भरवलेल्या बैठकीतून रूढ झाली, आणि २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्लोबल इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग नेटवर्क’ या संस्थेच्या २०२४ च्या अंदाजानुसार अशा हेतूने गुंतलेली जगभरातील रक्कम दीड लाख कोटी डॉलरांहून अधिक आहे. देणगीत मुद्दल परत येत नाही, आणि कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्या मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के ज्या सामाजिक कामांवर खर्च करतात तोही खर्चच असतो. परिणाम-गुंतवणुकीत मात्र मुद्दल परत यायचे असते, त्यावर काही परतावाही मिळायचा असतो, आणि तो मिळाला तरी ठरलेला सामाजिक परिणाम साधला नसेल तर ती गुंतवणूक फसली असे मानायचे असते. ही दुहेरी कसोटी हेच या व्यवसायाचे अवघडपण आहे आणि त्याचे आकर्षणही.

मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर आदिलाबादचा फाटा जिथून फुटतो त्या मुदखेडच्या, किंवा नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावातील वाणिज्य पदवीधराला हे क्षेत्र मुंबईच्या काचेच्या इमारतींतले वाटते. निधी उभारणीपुरते ते खरे आहे. परंतु उभारलेला पैसा अखेर हळद, सोयाबीन, केळी, दूध, फुले, शेळ्या, शिलाई आणि किराणा यांच्यावर चालणाऱ्या उद्योगांत जायचा असतो, आणि त्या उद्योगांचा हिशेब वाचू शकणारी माणसे मुंबईत कमी आहेत. बँकेच्या शाखेत कर्जप्रस्ताव तपासणारा अधिकारी, सनदी लेखापालाच्या कार्यालयात पतसंस्थांचे लेखापरीक्षण करणारा सहायक, ग्रामीण वित्तसंस्थेचा वसुली पाहणारा व्यवस्थापक हे सगळे या व्यवसायाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. उंबरठा ओलांडण्यासाठी लागते ते कौशल्य मात्र नेमके ओळखले पाहिजे: कोणत्या गरजेला कोणत्या जातीचा पैसा लागतो आणि तो पैसा इतर कोणी देत नाही हे खरे आहे का, हे ठरवण्याची ती समज आहे.

पैशाच्या मुख्य जाती तीन. भागभांडवल, म्हणजे उद्योगातील मालकीचा हिस्सा घेऊन दिलेला पैसा, हा सर्वांत धीराचा असतो, कारण तो परत करण्याची ठरलेली तारीख नसते. पण गुंतवणूकदाराला सहा-आठ वर्षांनी तो हिस्सा विकून बाहेर पडता आले पाहिजे. कर्जाला तारीख असते, व्याज असते आणि बहुधा तारणही असते. अनुदान परत करावे लागत नाही, म्हणून ते अजून सिद्ध न झालेल्या कल्पनेवर किंवा प्रशिक्षणावर खर्च करणे योग्य ठरते. या तिन्हींची सरमिसळ करून, म्हणजे अनुदानाने किंवा हमीने पहिला तोटा सोसायचा आणि त्याच्या आधाराने कर्ज द्यायचे, अशा रचनेला मिश्र वित्त म्हणतात. चुकीच्या जातीचा पैसा मिळाल्याने बुडालेले उद्योग पैसाच न मिळाल्याने बुडालेल्यांपेक्षा कमी नसावेत असे म्हणण्याजोगी उदाहरणे कोणत्याही जिल्ह्याच्या थकबाकी यादीत सापडतात: बांधकामाला अल्प मुदतीचे कर्ज, खेळत्या भांडवलाऐवजी यंत्रावर उडालेले अनुदान, बाजार नसताना उभे राहिलेले गोदाम.

हळदीच्या उदाहरणावरून हे जवळून पाहता येईल. मुदखेड, अर्धापूर, भोकर आणि शेजारचा वसमत हा हळदीचा पट्टा आहे. मे-जूनमध्ये बेणे लावायचे, जानेवारीपासून काढणी, मग शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे, आणि मार्चपासून पुढे माल बाजारात. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने सभासदांकडून २०० क्विंटल हळद क्विंटलला १२,००० रुपये दराने घ्यायची आणि पाच महिने थांबून विकायची ठरवली असे केवळ हिशेबासाठी समजू. खरेदीला २४ लाख रुपये लागतील. वार्षिक १४ टक्के दराने पाच महिन्यांचे व्याज १ लाख ४० हजार, म्हणजे क्विंटलमागे ७०० रुपये. गोदामभाडे महिन्याला २० रुपये धरले तर आणखी १००. आणि साठवणुकीतील वजनाची घट दोन टक्के धरली तर विक्रीचा दर सुमारे १३,०६० रुपयांच्या वर गेल्याशिवाय कंपनीच्या हाती एक रुपयाही उरत नाही. भाव पडला तर तोटा अर्थात संपूर्ण कंपनीचा. सभासदाला मालाच्या वेळी ८० टक्के रक्कम देऊन उरलेली विक्रीनंतर दिली, तर लागणारे भांडवल १९ लाख २० हजारांवर येते आणि ना-नफा-ना-तोट्याचा दर सुमारे १२,९२० रुपयांपर्यंत उतरतो. वित्ताच्या दृष्टीने ही रचना सरस आहे. परंतु दोन एकरवाल्या शेतकऱ्याच्या दारी त्याच दिवसांत लग्नसराई, दुकानदाराची उधारी आणि पीककर्जाच्या परतफेडीची मुदत उभी असते, आणि तो २० टक्क्यांसाठी थांबू शकत नसेल तर तो अडत्याकडेच जाणार. कंपनीच्या योजनेचा लाभ मग ज्याच्याकडे आधीच धरून ठेवण्याची ऐपत आहे अशा मोठ्या शेतकऱ्यालाच मिळतो. ताळेबंद उत्तम आणि परिणाम शून्य, ही स्थिती अशी तयार होते, आणि ती कागदावर दिसत नाही.

याच हिशेबात एक प्रश्न आणखी विचारावा लागतो, तो म्हणजे हा पैसा आधीच कोठे स्वस्त मिळतो का. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालू आहे. तीत हळदीसह ठरावीक शेतमालावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजाने कर्ज मिळते. वरच्याच उदाहरणात १२,००० च्या मालावर ९,००० रुपयांची उचल आणि पाच महिन्यांचे व्याज फक्त २२५ रुपये. जिथे बाजार समिती ही योजना नीट राबवते तिथे १४ टक्क्यांचा परिणाम-निधी घेऊन जाण्यात कोणाचेही हित नाही. गुंतवणूक झाली नसती तर जे घडले नसते तेवढेच तिच्या खात्यावर जमा धरायचे, या तत्त्वाला या क्षेत्रात अतिरिक्तता म्हणतात, आणि नवख्या व्यावसायिकाकडून सर्वाधिक दुर्लक्ष याच तत्त्वाकडे होते. निधीच्या बैठकीत ‘ही गुंतवणूक आपण करू नये, कारण ही गरज दुसरीकडून स्वस्तात भागते’ असे साधार सांगता येणे ही या कामातील मोठी लायकी आहे.

रचनेचे कायदेशीर अंगही माहीत हवे. उत्पादक कंपनी हा प्रकार कंपनी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने, अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशींवरून आला. तीत भागधारक फक्त उत्पादक किंवा उत्पादकांच्या संस्थाच असू शकतात, म्हणजे बाहेरच्या गुंतवणूकदाराला थेट भाग घेता येत नाही. शेतकऱ्याच्या मालकीचे रक्षण करणारी ही अट योग्यच आहे, पण तिच्यामुळे भांडवलाचा दरवाजाही अरुंद होतो. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, मोहाडी येथे विलास शिंदे आणि त्यांच्या सहकारी शेतकऱ्यांनी उभ्या केलेल्या ‘सह्याद्री फार्म्स’ने यावर काढलेला मार्ग प्रत्येक इच्छुकाने अभ्यासण्यासारखा आहे. मूळ उत्पादक कंपनी शेतकऱ्यांचीच ठेवून, काढणीपश्चात प्रक्रियेसाठीच्या ‘सह्याद्री फार्म्स पोस्ट हार्वेस्ट केअर लिमिटेड’ या कंपनीत २०२२ मध्ये इन्कोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को या युरोपीय गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी रुपयांचे भांडवल घेण्यात आले. द्राक्षाच्या बागेपर्यंत परदेशी विकासनिधी पोहोचला तो या दुमजली रचनेमुळे. मराठवाड्यातील बहुतेक उत्पादक कंपन्या या टप्प्यापासून अजून फार दूर आहेत. त्यांना आज भागभांडवलदाराची नव्हे, तर हिशेब वेळेवर लिहिणाऱ्या माणसाची आणि हंगामापुरत्या खेळत्या भांडवलाची गरज आहे, आणि तसे स्पष्ट सांगणाऱ्या सल्लागाराची.

वित्ताच्या नोकरीतून या वाटेवर गेलेल्यांची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये, गिरणी कामगारांना डबे पुरवणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रियांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि या स्त्रियांना सावकाराकडून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जापर्यंत नेले. त्यांच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतील नोकरीचा अनुभव पाठीशी घेऊन १९९३ पासून पुण्यातील भाजीविक्रेत्या स्त्रियांना छोटी कर्जे देण्यास आरंभ केला, आणि पुढे अन्नपूर्णा परिवाराने कर्जाला सहकारी पतसंस्थेची, परस्पर सुरक्षा निधीची आणि पाळणाघरांची जोड दिली. बँकेतील शिस्त त्यांनी सोडली नाही, ती वेगळ्या ग्राहकाकडे नेली. विम्याची आणि पाळणाघराची गरज कर्जाच्या परतफेडीशी बांधलेली आहे हे अशा शिस्तीतूनच कळते, कारण घरातील आजारपण हे हप्ता चुकण्याचे सर्वांत परिचित कारण असते. साताऱ्यातील म्हसवड येथे अर्थशास्त्राच्या अभ्यासक चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये उभी राहिलेली माणदेशी महिला सहकारी बँक हे दुसरे उदाहरण. परदेशात चेस मॅनहॅटन बँकेतील नोकरी सोडून रुआंडामध्ये स्त्रियांसाठी लघुवित्तसंस्था उभारण्यात सहभागी झालेल्या आणि २००१ मध्ये ‘अॅक्युमेन’ हा निधी स्थापणाऱ्या जॅकलिन नोव्होग्राट्झ यांचा प्रवासही याच जातीचा आहे. त्याच वर्षी विनीत राय यांनी भारतात ‘आविष्कार’ची सुरुवात केली. या सर्वांनी आधी माणसांचे प्रत्यक्ष व्यवहार जवळून पाहिले आणि निधी किंवा संस्था त्यानंतर उभी केली, हा क्रम उलटवू नये.

या क्षेत्राचा काळा अध्यायही मुदखेडपासून फार दूर घडलेला नाही. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, ज्याचा निजामाबाद जिल्हा नांदेडला लागून आहे, लघुवित्त कंपन्यांनी एकाच घरावर अनेक कर्जे चढवली, वसुलीची सक्ती वाढली, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढल्यावर वसुली जवळजवळ थांबली. या धक्क्यात विजय महाजन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘बेसिक्स’सारख्या, उपजीविकेचा विचार आधीपासून करणाऱ्या संस्थेलाही जबर नुकसान सोसावे लागले. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये आला आणि लघुवित्त कंपन्यांसाठी स्वतंत्र नियम झाले. मार्च २०२२ च्या निर्देशांनुसार आता वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे विनातारण कर्ज लघुवित्तात धरले जाते आणि त्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जाऊ देता येत नाहीत. परतफेडीची टक्केवारी ९८ किंवा ९९ आहे एवढ्यावरून कर्जदाराचे भले झाले असा निष्कर्ष काढता येत नाही, हा त्या प्रसंगाचा धडा आहे. हप्ता नव्या कर्जातून भरला गेला, दागिना मोडून भरला गेला की धंद्याच्या नफ्यातून, हे विचारल्याशिवाय ती टक्केवारी काहीच सांगत नाही.

म्हणूनच परिणाम मोजण्याची शिस्त वित्तीय विश्लेषणाइतकीच पक्की लागते. जगभरात वापरात असलेल्या चौकटीत पाच प्रश्न विचारले जातात: बदल कोणता, कोणाच्या बाबतीत, किती आणि किती काळ, त्यात गुंतवणुकीचा वाटा किती, आणि अपेक्षित परिणाम न होण्याची जोखीम किती. प्रश्न साधे आहेत, पण ‘५०० शेतकऱ्यांना लाभ’ असे वाक्य या पाचांपैकी दोनांचेही उत्तर देत नाही. सभासद कोण, त्यांत कोरडवाहू किती आणि बागायती किती, स्त्रियांच्या नावावर सातबारा किती, मागील तीन हंगामांत कंपनीने दिलेला दर आणि त्याच दिवशीचा बाजार समितीचा दर यांत फरक किती, तोलाई-हमाली-अडत वजा जाऊन हातात किती आले, एवढे आकडे गावातच, अडत्याच्या पट्ट्या समोर ठेवून मिळतात, आणि ते गोळा करायला महागडी प्रणाली लागत नाही.

तयारीच्या क्रमाबद्दल ठामपणे सांगता येईल ते असे. पहिली तीन ते पाच वर्षे कर्जतपासणी, लेखापरीक्षण किंवा वसुलीच्या कामात घालवणे हे वाया जाणे नव्हे. थकलेले खाते कसे थकले हे ज्याने पाहिले त्याला उद्योगातील जोखीम पुस्तकातून शिकावी लागत नाही. याच काळात परिसरातील एका-दोन शेतकरी उत्पादक कंपन्यांचे किंवा स्त्रियांच्या प्रभागसंघांचे हिशेब पाहण्याचे काम अंगावर घ्यावे. केंद्राच्या १०,००० शेतकरी उत्पादक संस्थांच्या २०२० मधील योजनेत भागभांडवलाच्या जोडीला प्रति सभासद २,००० रुपयांपर्यंत, संस्थेमागे कमाल १५ लाख रुपयांचे समभाग अनुदान आणि दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला हमी आहे. जागतिक बँकेच्या साह्याने चालणारा राज्याचा ‘स्मार्ट’ प्रकल्पही मूल्यसाखळीसाठी पैसा देतो. हे सर्व मिळवण्यासाठी लागणारे प्रकल्प अहवाल अनेकदा एकाच साच्यातून निघतात आणि त्यांतील आकड्यांचा गावाशी संबंध नसतो. खरा, स्थानिक आकड्यांवर उभा असलेला अहवाल लिहून दाखवणे हे पुढच्या नोकरीसाठी कोणत्याही प्रमाणपत्राइतकेच उपयोगी पडते.

त्यानंतरचा टप्पा म्हणजे शेतीमूल्यसाखळीला कर्ज देणाऱ्या संस्था. नाबार्डची उपकंपनी ‘नाबकिसान’, चेन्नईची ‘समुन्नती’, हैदराबादची ‘कॅस्पियन’ या उत्पादक संस्थांना आणि छोट्या उद्योगांना कर्ज देतात. यांतील हैदराबाद तर मुदखेडहून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे. भागभांडवल गुंतवणाऱ्या निधींकडे, म्हणजे सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांतील पहिल्या वर्गात मोडणाऱ्या सामाजिक परिणाम निधींकडे, जागा थोड्या आणि उमेदवार बहुत असतात. तिथे इंग्रजीतून लेखन, वित्तीय प्रतिमान बांधणे आणि करारातील अटी वाचणे यांत कच्चे राहून चालत नाही. व्यवस्थापनाचे औपचारिक शिक्षण हवेच असेल तर आणंदची ‘इर्मा’, पुण्याची वैकुंठ मेहता संस्था, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तुळजापूर येथील केंद्र हे पर्याय महानगरी व्यवस्थापन शाळांपेक्षा या कामाच्या जवळचे आहेत.

सनदी लेखापाल, कंपनी सचिव आणि परिव्यय लेखापाल यांच्यासाठी अलीकडे एक वेगळे दार उघडले आहे. २०१९ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेला सामाजिक शेअर बाजार सेबीच्या २०२२ च्या नियमांनी प्रत्यक्षात आला. त्यावर ना-नफा संस्था ‘शून्य कूपन, शून्य मुद्दल’ नावाचे रोखे काढून निधी उभारू शकतात, ज्यांत गुंतवणूकदाराला व्याज आणि मुद्दल यांपैकी काहीच परत मिळत नाही, केवळ काम झाल्याचा हिशेब मिळतो. या रोख्यांसाठी किमान रक्कम सुरुवातीला दोन लाख रुपये होती, ती २०२३ मध्ये दहा हजारांवर आणि २०२५ मध्ये एक हजारावर आली. नोंदणी झालेल्या संस्थांच्या वार्षिक परिणाम अहवालाचे मूल्यांकन स्वतंत्र व्यक्तीने करायचे असते, आणि त्यासाठी राष्ट्रीय रोखे बाजार संस्थेची, म्हणजे ‘एनआयएसएम’ची परीक्षा उत्तीर्ण होऊन व्यावसायिक संस्थांनी स्थापलेल्या स्वयंनियामक मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नांदेड किंवा लातूरमध्ये कार्यालय चालवणाऱ्या व्यावसायिकाला आपला चालू व्यवसाय न सोडता करता येईल असे हे काम आहे.

उत्पन्नाबद्दल भ्रम नसावा. मोठ्या खाजगी बँकेच्या तुलनेत या क्षेत्रातील वेतन बहुधा कमी असते, निधीची मुदत संपली की नोकरीही संपू शकते, आणि कायमच्या बँक नोकरीला घरात जो मान असतो तो या कामाला मिळायला वेळ लागतो. घराचे हप्ते चालू असताना उडी घेऊ नये; किमान वर्षभराचा घरखर्च बाजूला काढून, आणि शक्य असेल तर आधी अर्धवेळ सल्लागार म्हणून एखादा हंगाम काम करून, मग निर्णय घ्यावा.

आणि पहिला सराव घरापासूनच करावा. मुदखेडची ओळख फुलशेतीची आहे, आणि फुलशेतीत काय कमी आहे असे विचारले की शीतगृह हे उत्तर लगेच येते. हार-गजऱ्यासाठी पहाटे तोडून त्याच दिवशी विकल्या जाणाऱ्या सुट्या फुलांना शीतगृहाने किती फायदा होईल, शेतकऱ्याने अडत्याकडून आधीच घेतलेल्या उचलीमुळे माल कोणाला द्यायचा हे ठरूनच गेलेले असते का, आणि तसे असेल तर खरी गरज यंत्राची आहे की उचलीला पर्याय देणाऱ्या छोट्या हंगामी कर्जाची, हे प्रश्न घेऊन इच्छुकाने दहा फूल उत्पादकांच्या वर्षभराच्या पट्ट्या मांडाव्यात, सणाच्या आठवड्यांचे भाव वेगळे काढावेत, आणि दोन पानी गुंतवणूक टिपण लिहावे. त्या टिपणाच्या शेवटी गुंतवणूक करावी की करू नये याचे एका वाक्यात उत्तर द्यावे, आणि पुढच्या मुलाखतीला जाताना पदवीच्या कागदांबरोबर ते टिपणही घेऊन जावे.